मिशिगन आणि ओहायो स्टेट : सव्वाशे वर्षांची झुंज

मिशिगन विद्यापीठ आणि ओहायो स्टेट विद्यापीठ यांच्या फुटबॉल संघांमध्ये दरवर्षी नोव्हेंबरच्या उत्तरार्धात एका शनिवारी होणारा सामना अमेरिकेत नुसता ‘द गेम’ म्हणून ओळखला जातो. कोणता सामना, हे कुणाला विचारावे लागत नाही. पहिला सामना १८९७ मध्ये झाला आणि १९१८ पासून २०१९ पर्यंत एकाही वर्षाचा खंड पडला नाही. दोन्ही विद्यापीठे सरकारी, दोन्ही राज्ये एकमेकांना लागून. मिशिगनचे विद्यापीठ ॲन आर्बर या लहान शहरात आहे, तर ओहायो स्टेट हे कोलंबस या राजधानीत. दोहोंमध्ये जेमतेम तीनशे किलोमीटरचा रस्ता आहे. निळा आणि मक्याच्या दाण्यासारखा पिवळा हे मिशिगनचे रंग, लाल आणि करडा हे ओहायोचे. दोघांच्याही मैदानांत एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. अमेरिकेतल्या बहुतेक जुन्या कॉलेज-चुरशींना एखादा फिरता चषक, घागर किंवा कुऱ्हाड असते; विजेता ती वर्षभर मिरवतो. या सामन्याला असा कोणताही चषक नाही, आणि कुणाला त्याची उणीवही भासलेली नाही.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लंबगोल, मैदान शंभर यार्डांचे आणि दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. चेंडू ज्या संघाकडे असतो त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड काटले की नव्याने चार प्रयत्न मिळतात. याला ‘फर्स्ट डाउन’ म्हणतात. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेला की टचडाउन, म्हणजे आजच्या हिशेबाने सहा गुण. त्यानंतर लाथेने एक किंवा पुन्हा रेषा ओलांडून दोन जादा गुण कमावता येतात. दूरवरून लाथ मारून चेंडू खांबांमधून धाडला तर फील्ड गोलचे तीन गुण. आणि पुढे सरकण्याची आशाच उरली नसेल तर चेंडू लांब लाथाडून प्रतिपक्षाच्या हवाली करायचा; हा ‘पंट’. एवढे माहीत असले की पुढची हकिगत कळायला अडचण येत नाही.

या वैराचे मूळ सांगताना बहुतेक लेखक टोलीडोच्या तंट्यापासून सुरुवात करतात. ती गोष्ट थोडक्यात अशी. १७८७ च्या कायद्यात मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोकातून सरळ पूर्वेकडे सीमारेषा ओढण्याची तरतूद होती. त्या काळच्या नकाशात मात्र हे टोक खऱ्या जागेपेक्षा बरेच उत्तरेला दाखवलेले होते. त्यामुळे ओहायोच्या हिशेबाची सीमा एक आणि मिशिगनच्या हिशेबाची दुसरी झाली. दोन रेषांच्या मध्ये सापडलेल्या ४६८ चौरस मैलांच्या चिंचोळ्या पट्टीवर दोघांनीही हक्क सांगितला. पट्टीत मॉमी नदीच्या मुखावरचे टोलीडो बंदर होते, आणि कालव्यांच्या त्या जमान्यात अशा बंदराला सोन्याचे मोल होते. १८३५ मध्ये मिशिगनचा तेवीस वर्षांचा गव्हर्नर स्टीव्हन्स मेसन आणि ओहायोचा गव्हर्नर रॉबर्ट ल्यूकस यांनी आपापली पथके सीमेकडे धाडली. शिव्याशाप झाले, धरपकड झाली, हवेत बार झाले. रक्त सांडले ते एकदाच. अटक करायला आलेल्या मिशिगनच्या उपशेरीफला टू स्टिकनी नावाच्या ओहायोपक्षीय तरुणाने चाकूने भोसकले. तो उपशेरीफ वाचला. (टूच्या थोरल्या भावाचे नाव वन होते, बापाने मुलांना जन्माच्या क्रमाने आकडेच दिले होते.) अखेर वॉशिंग्टनने तोड काढली : पट्टी ओहायोला, त्या बदल्यात मिशिगनला राज्याचा दर्जा आणि उत्तरेकडच्या द्वीपकल्पाचा मोठा भाग. डिसेंबर १८३६ मध्ये कडाक्याच्या थंडीत ॲन आर्बर इथेच भरलेल्या सभेने ही अट मान्य केली आणि जानेवारी १८३७ मध्ये मिशिगन राज्य झाले. तेव्हा नाइलाजाने घेतलेल्या त्या उत्तरेच्या रानात पुढे तांब्याचे आणि लोखंडाचे प्रचंड साठे निघाले.

गोष्ट रंजक आहे, पण फुटबॉलचे वैर तिच्यातून जन्मले असे म्हणणे कठीण आहे. टोलीडोचा निकाल आणि पहिला सामना यांत साठ वर्षांचे अंतर आहे. शिवाय सुरुवातीच्या वीस वर्षांत मिशिगनच्या लेखी ओहायो हा धड प्रतिस्पर्धीही नव्हता. मिशिगनचे प्रसिद्ध विजयगीत ‘द व्हिक्टर्स’ १८९८ मध्ये रचले गेले ते शिकागो विद्यापीठाला हरवल्याच्या आनंदात. जुना सीमातंटा या सामन्याला नंतर चिकटला. खरे वैर मैदानावर, एकेका निकालाने घडत गेले.

दोन विद्यापीठांच्या घडणीतही फरक होता. मिशिगन विद्यापीठाची स्थापना १८१७ ची, डेट्रॉइटमधली. १८३७ मध्ये ते ॲन आर्बरला आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते देशातल्या नामांकित विद्यापीठांत गणले जाई. ओहायो स्टेट १८७० मध्ये शेतकी आणि यंत्रविद्येचे कॉलेज म्हणून स्थापन झाले. १८६२ च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनीच्या उत्पन्नातून अशी कॉलेजे काढण्याची सोय केली होती. पुढे १९६० नंतर भारतात निघालेली कृषी विद्यापीठे याच नमुन्यावर उभी राहिली. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ त्यांपैकीच. मिशिगनला स्वतःच्या विद्वत्तेचा तोरा आणि ओहायोला आपल्या साधेपणाचा अभिमान, अशी दोघांची जी प्रतिमा आजही सांगितली जाते तिची बीजे इथे आहेत.

मिशिगनचा फुटबॉल संघ १८७९ पासून खेळत होता, ओहायोचा १८९० पासून. १६ ऑक्टोबर १८९७ रोजी ॲन आर्बरमध्ये दोघे प्रथमच समोरासमोर आले आणि मिशिगनने ३४–० असा विजय मिळवला. १९०० चा सामना ०–० असा बरोबरीत सुटला. १९०१ मध्ये फील्डिंग योस्ट मिशिगनचा प्रशिक्षक झाला. त्याच्या पहिल्या पाच वर्षांत मिशिगनने ५७ सामन्यांत २,८२१ गुण केले आणि फक्त ४२ दिले. मिनिटाला एक गुण करणारा संघ अशी त्याची ख्याती झाली. १९०२ मध्ये ओहायोला ८६–० असा मार खावा लागला. या मानहानीनंतर ओहायोचा विद्यार्थी फ्रेड कॉर्नेल याने ‘कार्मेन ओहायो’ हे गीत लिहिले; परतीच्या आगगाडीत ते सुचले असे परंपरा सांगते. आज ओहायो स्टेटचे ते विद्यापीठगीत आहे आणि जिंकोत वा हरोत, सामन्यानंतर संघ ते उभ्याने गातो. १८९७ ते १९१८ या काळात दोघे पंधरा वेळा खेळले. मिशिगनने तेरा सामने जिंकले, दोन बरोबरीत सुटले आणि ओहायोच्या पदरी एकही विजय पडला नाही.

१९१९ मध्ये चित्र पालटले ते चिक हार्ली या एका खेळाडूमुळे. कोलंबसमध्येच वाढलेला, अंगकाठीने लहान असा हा पोरगा धावण्यात आणि चेंडू हेरण्यात अजोड होता. त्या ऑक्टोबरात ॲन आर्बरच्या मैदानावर त्याने ४२ यार्ड धावत टचडाउन केले, मिशिगनचे चार पास मधल्या मध्ये झेलले आणि ओहायोने १३–३ असा पहिला विजय मिळवला. सामना संपल्यावर योस्ट स्वतः ओहायोच्या खोलीत गेला आणि त्याने खेळाडूंचे अभिनंदन केले. पुढची दोन वर्षेही ओहायोच जिंकला.

हार्लीला पाहण्यासाठी कोलंबसच्या जुन्या मैदानात जागा पुरेना. त्या लाटेवर लोकवर्गणी गोळा झाली आणि १९२२ मध्ये घोड्याच्या नालाच्या आकाराचे काँक्रीटचे भव्य ओहायो स्टेडियम उभे राहिले. त्याच्या लोकार्पणाच्या सामन्याला मुद्दाम मिशिगनला बोलावले, आणि मिशिगनने यजमानांना १९–० असे हरवले. तोवर क्रीडासंचालक झालेल्या योस्टने मग ॲन आर्बरमध्ये त्याहून मोठे मैदान बांधायचे मनावर घेतले. जमिनीत खोल खणून केलेले मिशिगन स्टेडियम १९२७ मध्ये तयार झाले. लोकार्पणाला पाहुणा संघ ओहायोचा, आणि निकाल मिशिगनच्या बाजूने २१–०. आज या मैदानात १,०७,६०१ प्रेक्षक बसतात. शेजाऱ्याच्या ईर्ष्येतून काय उभे राहू शकते, याचे या दोन मैदानांइतके टिकाऊ उदाहरण कॉलेजच्या खेळात दुसरे नाही.

तरीही बाजू मिशिगनकडेच झुकलेली होती. १९३४ मध्ये ओहायोने फ्रान्सिस श्मिट या टेक्सासकडच्या प्रशिक्षकाला आणले. मिशिगनला हरवता येईल का, असे विचारल्यावर त्याने सांगितले की तीही आपल्यासारखी एकेक पाय घालूनच पँट चढवणारी माणसे आहेत. त्या वर्षी ओहायोने ३४–० असा सामना मारला. पुढची तीन वर्षेही मिशिगनला एकही गुण करू दिला नाही. कोलंबसच्या व्यापाऱ्यांनी खूश होऊन प्रत्येक खेळाडूला पँटच्या आकाराचे सोन्याचे छोटे पदक दिले. तेव्हापासून मिशिगनला हरवणाऱ्या प्रत्येक ओहायो संघातल्या खेळाडूला हे ‘गोल्ड पँट्स’ मिळते. वाटाण्याएवढ्या या दागिन्यावर वर्ष आणि सामन्याचा निकाल कोरलेला असतो.

याच सुमारास एक कागदी वाटणारा निर्णय झाला, आणि आजच्या चुरशीचा पाया खरे तर त्यानेच घातला. १९३५ पासून हा सामना हंगामाच्या अगदी शेवटी ठेवला जाऊ लागला. दोघेही बिग टेन या मध्य-पश्चिमेकडच्या विद्यापीठांच्या संघटनेचे सदस्य. आधीचे सगळे सामने जिंकून आलेल्या संघाचे विजेतेपद या एका शनिवारी पक्के होई किंवा हातातोंडाशी आलेला घास निसटे. ऑक्टोबरातला पराभव पुढच्या सामन्यांत धुऊन काढता येतो. नोव्हेंबरातला वर्षभर उराशी राहतो.

एकमेकांच्या गुणांची कदर मात्र होती. १९४० मध्ये कोलंबसला मिशिगनच्या टॉम हार्मनने तीन टचडाउन धावून केले, आणखी दोन पास देऊन करवले आणि मिशिगनने ४०–० असा धुव्वा उडवला. तो मैदानाबाहेर जाताना ओहायोच्या प्रेक्षकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या. त्या पराभवानंतर श्मिटची नोकरी मात्र राहिली नाही.

२५ नोव्हेंबर १९५० चा सामना सगळ्यांत विलक्षण म्हणावा लागेल. आदल्या रात्रीपासून ओहायोवर हिमवादळ कोसळत होते. सामना रद्द झाला असता तर बिग टेनचे विजेतेपद आपोआप ओहायोकडे गेले असते, तरीही ओहायोच्या क्रीडासंचालकाने खेळायचे ठरवले. पन्नास हजारांवर लोक त्या थंडीत येऊन बसले. मैदानावर घातलेली ताडपत्री गोठून जमिनीला चिकटली होती. ती काढायला प्रेक्षकांतले लोक उतरले. आखलेल्या रेषा दिसाव्यात म्हणून सामनाभर झाडूने बर्फ लोटावा लागत होता. चेंडू हातात ठरेना, पाय टिकेना. अशा वेळी चेंडू स्वतःजवळ ठेवणे हाच धोका, हे दोन्ही संघांनी ओळखले आणि चार प्रयत्नांची वाट न पाहता पंट करायला सुरुवात केली. मिशिगनने २४ वेळा आणि ओहायोने २१ वेळा, म्हणजे दिवसभरात ४५ वेळा चेंडू लाथाडून परक्याच्या हवाली झाला. ओहायोच्या व्हिक जॅनोविचने त्या वादळात एक फील्ड गोल मारला. असा गोल पुन्हा कुणाला जमेल असे पाहणाऱ्यांना वाटले नाही. पण मिशिगनने ओहायोचे दोन पंट अडवले. एकातून, चेंडू ओहायोच्याच गोलरेषेमागून बाहेर गेल्याने, दोन गुण मिळाले आणि मध्यंतराला काही सेकंद उरले असताना दुसऱ्यातून टचडाउन झाले. निकाल मिशिगन ९, ओहायो ३. अख्ख्या सामन्यात मिशिगनला एकही फर्स्ट डाउन मिळाला नाही, त्यांचा एकही पास पुरा झाला नाही, आणि तरी ते विजेतेपद घेऊन रोझ बोलला गेले. कॅलिफोर्नियातला नववर्षदिनाचा रोझ बोल हा तेव्हा बिग टेनच्या विजेत्याचा सर्वोच्च मान होता.

ओहायोचा प्रशिक्षक वेस फेस्लर याने दोन आठवड्यांत राजीनामा दिला आणि त्याच्या जागी वुडी हेज आला. १९५१ ते १९७८ अशी अठ्ठावीस वर्षे तो राहिला. हेज करडा, तापट, इतिहासाचा विशेषतः युद्धेतिहासाचा गाढा वाचक होता. चेंडू फेकण्यापेक्षा तो पोटाशी धरून तीन-चार यार्ड घुसत जाणे त्याला पसंत होते. मिशिगनचे नाव तो उच्चारत नसे. ‘उत्तरेकडचा तो संघ’ एवढेच म्हणे. मिशिगनमध्ये पेट्रोल संपत आले तरी तिथल्या पंपावर पैसा द्यायचा नाही म्हणून त्याने गाडी ढकलत ओहायोपर्यंत नेण्याची तयारी दाखवली, अशी आख्यायिका कोलंबसमध्ये पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. सामन्याच्या आठवड्यात विद्यापीठाच्या पाट्यांवरचे एम हे अक्षर लाल पट्टीने खोडायची प्रथा याच वृत्तीतून आली. दुसरीकडे, १९८२ पासून याच चुरशीच्या निमित्ताने दोन्ही विद्यापीठांत रक्तदानाची स्पर्धा भरते.

हेजच्या काळातच फुटबॉल आणि विद्यापीठ यांच्यातला ताण उघड झाला. १९६१ मध्ये ओहायोने मिशिगनला ५०–२० असे हरवून रोझ बोलचा मान मिळवला. पण प्राध्यापकांच्या परिषदेने २८ विरुद्ध २५ मतांनी संघाला जाऊच दिले नाही. विद्यापीठ खेळापायी आपली ओळख गमावत आहे, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यार्थ्यांनी कोलंबसच्या रस्त्यांवर निदर्शने केली. प्राध्यापकांची शंका रास्त होती, असे आज मागे वळून पाहताना म्हणावेसे वाटते. कॉलेजच्या खेळात त्यानंतर जो पैसा शिरला त्याची ती पहिली चाहूल होती.

१९६८ मध्ये ओहायोने ५०–१४ असा विजय मिळवला. शेवटच्या टचडाउननंतर सामना केव्हाच खिशात पडलेला असताना संघाने एका गुणाऐवजी दोन गुणांचा प्रयत्न केला. मिशिगनच्या हे जिव्हारी लागले. पुढच्या हंगामासाठी मिशिगनने बो शेंबेक्लर याला प्रशिक्षक नेमले. तो ओहायोतल्या बार्बर्टनचा. मायामी ऑफ ओहायो या कॉलेजात तो हेजच्याच हाताखाली खेळला होता आणि नंतर ओहायो स्टेटमध्ये त्याचा सहायकही होता. गुरूची सगळी विद्या, सगळे हट्ट त्याला तोंडपाठ होते. त्याने सरावात ‘५०’ हा आकडा खेळाडूंच्या सतत डोळ्यांसमोर ठेवला.

२२ नोव्हेंबर १९६९ रोजी ओहायोचा संघ ओळीने २२ सामने जिंकून ॲन आर्बरला आला. हा आपला सर्वोत्तम संघ, असे खुद्द हेज म्हणत असे, आणि देशभरच्या जाणकारांचेही तेच मत होते. मध्यंतरापर्यंत मिशिगन २४–१२ ने पुढे होते. त्यानंतर कोणालाही एक गुणही करता आला नाही. ओहायोचे सहा पास मिशिगनने पकडले, त्यांतले तीन एकट्या बॅरी पिअर्सनने. गुरूच्याच डावपेचांनी चेल्याने गुरूला गारद केले होते. या सामन्याने ‘दहा वर्षांचे युद्ध’ सुरू झाले.

१९६९ ते १९७८ या दहा सामन्यांत मिशिगनने पाच, ओहायोने चार जिंकले, एक बरोबरीत सुटला. गुणसंख्या बहुधा छोटी असे : १०–७, १२–१०, १४–६. दोन्ही संघ एकाच शाळेत शिकलेले, डाव एकाच साच्याचे; त्यामुळे निकाल एखाद्या चुकीवर किंवा गोलरेषेशी रोखलेल्या एखाद्या यार्डावर लागे. संघटनेतले बाकीचे आठ संघ निव्वळ हजेरी लावत. १९६८ ते १९८० या तेरा हंगामांत बिग टेनतर्फे रोझ बोलला या दोघांखेरीज तिसरे कोणी गेले नाही.

या दशकातला सर्वांत कडवट प्रसंग १९७३ चा. दोन्ही संघ अपराजित. ०–१० अशा पिछाडीवरून मिशिगनने १०–१० अशी बरोबरी साधली, आणि शेवटच्या मिनिटांत त्यांचे फील्ड गोलचे प्रयत्न हुकले. विजेतेपद वाटून गेले; पण रोझ बोलला एकच संघ जाणार. ओहायो आदल्या वर्षी जाऊन आला होता, त्यामुळे यंदा मिशिगन जाणार असे सगळे धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी दहा विद्यापीठांच्या क्रीडासंचालकांनी मतदान केले आणि कौल ओहायोला दिला. मिशिगनचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा आणि पास फेकणारा खेळाडू, डेनिस फ्रँकलिन याच्या खांद्याचे हाड सामन्यात मोडले होते. त्याच्याविना मिशिगन लढू शकणार नाही, हे त्यामागचे कारण मानले गेले. शेंबेक्लर हा अन्याय अखेरपर्यंत विसरला नाही. रोझ बोलखेरीज दुसऱ्या कोणत्याही बोलला, म्हणजे हंगामानंतरच्या निमंत्रणाच्या सामन्याला, जायचे नाही असा संघटनेचा नियम असल्याने, १९७२ ते १९७४ या तीन हंगामांत ३० विजय, दोन पराभव आणि एक बरोबरी अशी कामगिरी करूनही मिशिगनचे खेळाडू एकाही बोलमध्ये खेळू शकले नाहीत. दोन्ही पराभव ओहायोकडूनच झाले होते. हा नियम १९७५ मध्ये बदलला. त्यामागे या प्रकरणातून उठलेली टीका होती.

हेजची कारकीर्द वाईट तऱ्हेने संपली. डिसेंबर १९७८ मध्ये गेटर बोलच्या सामन्यात ओहायोचा पास पकडलेल्या क्लेमसनच्या खेळाडूला त्याने मैदानाच्या कडेला ठोसा मारला. देशाने ते दूरचित्रवाणीवर पाहिले आणि दुसऱ्याच दिवशी त्याला काढून टाकण्यात आले. शेंबेक्लरशी त्याचा स्नेह मात्र तुटला नाही. मार्च १९८७ मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, प्रकृती ढासळलेली असतानाही हेज डेटनला एका कार्यक्रमात आपल्या शिष्याची ओळख करून द्यायला गेला होता.

त्यानंतर पारडे लंबकासारखे हलत राहिले. १९८८ ते २००० या काळात ओहायोचा प्रशिक्षक जॉन कूपर याने इतर संघांविरुद्ध भरघोस यश मिळवले, पण मिशिगनविरुद्धच्या तेरा सामन्यांत त्याला दोनच विजय मिळाले. १९९३, १९९५ आणि १९९६ अशी तीन वर्षे त्याचा संघ अपराजित राहून या सामन्याला आला आणि हरून परतला. १९९५ मध्ये मिशिगनचा टिम बियाकाबुटुका एकटा ३१३ यार्ड धावला. ओहायोला अधिक सलणारी गोष्ट अशी की, त्या दशकात देशातल्या सर्वोत्तम कॉलेज-खेळाडूचा हाइजमन पुरस्कार मिळवणारे मिशिगनचे दोन्ही तारे ओहायोचेच होते : डेस्मंड हॉवर्ड क्लीव्हलँडचा, चार्ल्स वुडसन फ्रीमाँटचा. सीमा मैदानावर जितकी पक्की, तितकीच खेळाडूंच्या येण्याजाण्यासाठी मोकळी. मिशिगनच्या यशात ओहायोच्या शाळांचा वाटा नेहमीच मोठा राहिला आहे.

कूपर गेला आणि जानेवारी २००१ मध्ये जिम ट्रेसल आला. नेमणुकीच्याच दिवशी त्याने कोलंबसच्या प्रेक्षकांना ३१० दिवसांनी होणाऱ्या मिशिगनच्या सामन्यात संघाचा अभिमान वाटेल असे वचन दिले, आणि ते पाळले. त्याच्या काळातला शिखरसामना १८ नोव्हेंबर २००६ चा. या दोघांतला सामना देशातल्या पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या संघांचा असण्याची ती पहिलीच वेळ. आदल्या दिवशी सकाळी शेंबेक्लरचे निधन झाले. ज्या गावात त्याच्याविरुद्ध इतकी वर्षे आरडाओरडा झाला, तिथल्या लाखभर प्रेक्षकांनी शांत उभे राहून त्याला आदरांजली वाहिली. ओहायोने सामना ४२–३९ असा जिंकला. त्या संध्याकाळी ओहायोच्या सरकारी लॉटरीत चार आकडी क्रमांक निघाला तो ४२३९. अनेकांनी तोच लावलेला होता.

ट्रेसलचा शेवट गोल्ड पँट्सनी केला. त्याच्या काही खेळाडूंनी ही पदके आणि इतर आठवणवस्तू विकल्याचे, त्या बदल्यात गोंदवून घेतल्याचे २०१० मध्ये उघड झाले. हौशी खेळाडूंना अशी विक्री करण्याची तेव्हा बंदी होती. आपल्याला हे आधीच कळले होते ही गोष्ट ट्रेसलने दडवली, म्हणून त्याला २०११ मध्ये जावे लागले आणि २०१० चे सगळे विजय, मिशिगनवरचा धरून, नोंदीतून पुसले गेले. ज्या खेळाडूंच्या नावावर विद्यापीठे कोट्यवधी डॉलर कमावत होती त्यांनाच स्वतःचे पदक विकण्याची मुभा नसावी, हा नियम आता राहिलेला नाही. तो जायला फार उशीर झाला.

पुढच्या दशकात अर्बन मायर ओहायोचा आणि २०१५ पासून जिम हार्बॉ मिशिगनचा प्रशिक्षक होता. दोघांचाही जन्म टोलीडोचा. मायरने मिशिगनविरुद्धचे सातही सामने जिंकले. त्यांतला २०१६ चा दोन जादा डावांपर्यंत लांबला आणि चौथ्या प्रयत्नात ओहायोचा क्वार्टरबॅक नेमक्या रेषेपर्यंत पोचला की इंचभर अलीकडे पडला, यावर मिशिगनमध्ये अजून वाद चालतो. २०२० चा सामना कोविडमुळे झाला नाही. १९१७ नंतरचा तो पहिला खंड. २०२१ मध्ये मिशिगनने ४२–२७ असा विजय मिळवून दुष्काळ संपवला आणि सलग चार वर्षे ओहायोला हरवले. २०२३ मध्ये प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणात हार्बॉ निलंबित होता. सहायक शेरोन मूरने संघ उतरवून ३०–२४ असा सामना जिंकला आणि मिशिगनने पुढे राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले. २०२४ मध्ये क्रमवारीत नसलेल्या मिशिगनने कोलंबसला १३–१० असा धक्का दिला. विजयी खेळाडूंनी मैदानाच्या मधोमध आपला झेंडा रोवायचा प्रयत्न केला, त्यावरून हाणामारी झाली, पोलिसांना मिरपुडीचा फवारा मारावा लागला आणि दोन्ही विद्यापीठांना प्रत्येकी एक लाख डॉलर दंड झाला.

त्या हंगामात आणखी एक बदल दिसला. राष्ट्रीय विजेतेपदासाठी आता बारा संघांची बाद फेरी होते. त्यामुळे मिशिगनकडून हरूनही ओहायो त्या फेरीत पोचला आणि जानेवारी २०२५ मध्ये देशाचा विजेता ठरला. १९७३ मध्ये हे कल्पनेतही आले नसते. बिग टेनमध्ये आज अठरा विद्यापीठे आहेत, पार पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंतची. सामन्यांचे वेळापत्रक दरवर्षी नव्याने मांडावे लागते. त्या मांडणीतही मिशिगन आणि ओहायो स्टेट यांचा सामना दरवर्षीचा म्हणून राखून ठेवला आहे, आणि तो हंगामाच्या शेवटच्या शनिवारीच होतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲन आर्बरला ओहायोने तो २७–९ असा जिंकला.